उसाच्या काट्यापासून विद्यापीठापर्यंत: विज्ञान, तंत्रज्ञान आणि समाज हा विषय सीमाभागातून कसा शिकावा

गळीत हंगाम सुरू झाला की चिकोडी, रायबाग, गोकाक, हुक्केरी या पट्ट्यात दरवर्षी दोन गोष्टींवरून वाद पेटतो. ऊस काट्यावर किती भरला, आणि कारखान्याला त्यातून साखर किती निघाली. केंद्राने २०२५-२६ च्या हंगामासाठी एफआरपी, म्हणजे कारखान्याने उसाला द्यायचा किमान दर, ठरवली ती १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या टक्केवारीला) क्विंटलमागे ३५५ रुपये. त्यापुढे उतारा ०.१ टक्क्याने वाढला की क्विंटलला ३ रुपये ४६ पैसे जास्त. शंभर टन ऊस घालणाऱ्याच्या हिशेबात हा फरक ३,४६० रुपयांचा होतो. म्हणजे दशांश चिन्हानंतरचा एक आकडा घरातल्या खर्चापर्यंत पोचतो. आणि तो आकडा निघतो कारखान्याच्याच प्रयोगशाळेत. इथेनॉलसाठी बी-हेवी मळी (जिच्यातली साखर पूर्ण काढलेली नसते ती) बाजूला काढली की साखर तेवढी कमी निघते. ती हिशेबात परत कशी धरायची, याचाही नियम कुठेतरी कुणीतरी लिहिलेला असतो.

रस तपासायचं शास्त्र खरंच आहे, साखर मोजता येते, यात शंका नाही. तरीही शेतकरी बाहेरच्या काट्यावर वजन करून मगच ट्रॅक्टर कारखान्यात नेतो. का? मोजमापावर विश्वास कशाने बसतो? मोजणारा कुणाचा माणूस आहे याने काय फरक पडतो? ज्याला असे प्रश्न पडतात आणि त्यांच्या मागे लागावंसं वाटतं, त्याच्यासाठी विद्यापीठात एक पूर्ण विषय आहे. विज्ञान, तंत्रज्ञान आणि समाज अभ्यास, थोडक्यात एसटीएस. आपल्या भागातल्या कॉलेजांत त्याचं नाव फारसं कुणी घेत नाही, म्हणून हा लेख. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी मुलामुलींना डोळ्यांपुढे ठेवून लिहिला आहे.

आधी विषय समजून घ्या

'विज्ञान शाप की वरदान' हा निबंध आपण सगळ्यांनी शाळेत लिहिला आहे. त्यात तंत्रज्ञान आकाशातून पडतं आणि समाजावर त्याचा बरावाईट परिणाम होतो. एसटीएस याच्या आधीपासून सुरुवात करतं. ते यंत्र असंच का बनलं, कुणाला विचारून बनलं, कुणाला विचारलंच नाही, हे ते बघतं.

सायकलीचं उदाहरण या विषयात प्रसिद्ध आहे. ट्रेव्हर पिंच आणि विबे बायकर या दोन अभ्यासकांनी १९८४ मध्ये ते मांडलं. एकोणिसाव्या शतकात पुढचं चाक प्रचंड मोठं असलेली सायकल होती. धाडसी तरुणांना ती आवडायची, बायकांना आणि वयस्कर माणसांना ती धोक्याची वाटायची. हवेचं टायर आलं ते हादरे कमी व्हावेत म्हणून, आणि सुरुवातीला त्याला लोक हसले. त्या टायरच्या सायकली शर्यती जिंकू लागल्या तेव्हा सगळ्यांनी ते स्वीकारलं. आज आपण चालवतो ती सायकल अशा ओढाताणीतून ठरली. ती एकमेव शक्य सायकल होती म्हणून नव्हे. विज्ञानाबद्दल असाच विचार थॉमस कून या विज्ञानाच्या इतिहासकाराने १९६२ मध्ये मांडला होता. शास्त्रज्ञांचा समाज काही गृहीतं धरून काम करतो आणि ती गृहीतं कधी कधी मुळापासून बदलतात, हा त्याचा गाभा.

एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की करा. हा विषय विज्ञान खोटं आहे असं सांगत नाही. लस काम करते, धरणाच्या पाण्याला गणित लागतं. फक्त त्या गणितात काय धरलं आणि काय सोडलं हे विचारायची शिस्त इथे शिकवतात. ज्यांना 'शास्त्रज्ञ सगळे विकले गेलेत' एवढंच सिद्ध करायचं आहे, त्यांनी दुसरा विषय बघावा.

पदवी कोणती घ्यावी

बेळगावात राहून पदवीच्या पातळीवर हा विषय या नावाने शिकायला मिळेल असं धरून चालू नका. त्याने बिघडत नाही, कारण एसटीएसकडे बहुतेक लोक दुसऱ्या विषयातूनच येतात. भौतिकशास्त्र, इंजिनिअरिंग, शेती, नर्सिंग, कायदा, इतिहास, समाजशास्त्र, यांतलं काहीही चालतं. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय बेळगावातच आहे, त्यामुळे इंजिनिअरिंगची मुलं आपल्याकडे पुष्कळ. राणी चन्नम्मा विद्यापीठाखाली बीए, बीएस्सी करणारे त्याहून जास्त.

माझं मत विचाराल तर, एक तांत्रिक गोष्ट तरी आतून कळायला हवी. बीए करणाऱ्याने निदान एका यंत्राचं किंवा एका प्रक्रियेचं काम नीट समजून घ्यावं: साखर कशी बनते, विजेचं मीटर कसं चालतं, माती परीक्षण कसं करतात. साखरेचं आतून बघायचं असेल तर एस. निजलिंगप्पा साखर संस्था आपल्या शहरातच आहे. इंजिनिअरिंगच्या मुलांची अडचण उलटी असते. त्यांना दहा पानं सलग लिहायची सवय नसते. ती सवय मराठीतून लावा. विचार सलग मांडता आला की इंग्रजी मागून येते.

कर्नाटकात २०२४-२५ पासून पदवी पुन्हा तीन वर्षांची झाली आहे. चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी झालेल्याला थेट पीएचडीला जाता येतं, तीन वर्षांवाल्याला नाही. त्यामुळे मधे एमए किंवा तशी पदव्युत्तर पदवी धरूनच आखणी करा.

प्रश्न आपल्या भागातून उचला

याच पायरीवर सगळ्यात जास्त वेळ द्या. प्रवेशाच्या मुलाखतीला शेकडो मुलं 'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि समाज' असं काहीतरी घेऊन येतात. तुमच्या हाताशी जे आहे ते त्यांच्याकडे नाही.

कर्नाटकातल्या कृष्णेवरच्या अलमट्टी धरणाचं बघा. त्यात सध्या समुद्रसपाटीपासून ५१९.६० मीटर पातळीपर्यंत पाणी साठवतात, आणि कृष्णा पाणीवाटपाच्या दुसऱ्या लवादाने २०१० मध्ये ती ५२४.२५६ मीटरपर्यंत न्यायला कर्नाटकाला मुभा दिली. सांगली-कोल्हापूरकडे भीती अशी की उंची वाढली की फुगवट्याने पूर वाढेल. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला तेव्हा सांगली बुडाली, आणि आपल्या बाजूची यडूर, मांजरी, कल्लोळ ही कृष्णाकाठची गावंही बुडाली. महाराष्ट्राने नेमलेल्या वडनेरे समितीने २०२० मध्ये अहवाल दिला की त्या पुराला अलमट्टी कारण नव्हती. तरी उंची वाढवायला महाराष्ट्राचा विरोध कायम राहिला. आता विद्यार्थी म्हणून विचारा: पुराचं गणिती प्रारूप बनवताना नदीतली कोणती मोजणी धरली? कोयनेतून सोडलेल्या पाण्याची माहिती खालच्या राज्याला कोणत्या वेळी कळते? तज्ज्ञांचा निष्कर्ष आला तरी लोकांचं समाधान का होत नाही?

या वादाचे कागद तीन भाषांत आहेत. महाराष्ट्राच्या बाजूचं बरंच मराठीत, कर्नाटकाचं कन्नडमध्ये, लवादाचं इंग्रजीत. पुण्या-मुंबईच्या संशोधकाला कन्नड येत नाही, बेंगळुरूच्या संशोधकाला मराठी. निपाणीच्या किंवा अथणीच्या मुलीला दोन्ही येतात, दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांशी ती दुभाष्याशिवाय बोलू शकते. सीमाभागात वाढल्याचं ओझं आपण पुष्कळ वाहिलं. संशोधनात मात्र तेच आपलं सगळ्यात मोठं बळ आहे आणि ते अर्जात स्पष्ट लिहायला हवं. ज्यांना कन्नड बोलता येतं पण वाचता येत नाही, त्यांनी आजपासून वाचायला शिकावं. भाषेच्या लढ्याबद्दल तुमचं मत काहीही असो, सरकारी फाईल वाचता न येणारा संशोधक अर्धा आंधळा असतो.

खानापूरकडच्यांसाठी गोव्यात वाहत जाणाऱ्या म्हादई नदीच्या पाण्याचा वाद आहे. २०१८ मध्ये लवादाने कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं. त्यातलं कळसा-भांडुरा मिळून वळवायचं आहे ३.९ टीएमसी. एवढ्याशा पाण्यासाठी कणकुंबीच्या जंगलात काय होईल, हुबळी-धारवाडला किती मिळेल, गोव्यात काय आटेल, प्रत्येकाचा तज्ज्ञ वेगळा आणि प्रत्येकाचा आकडा वेगळा. निपाणीत तंबाखू आहे: १९८१ चं शेतकऱ्यांचं आंदोलन आणि गोळीबार आजही लोकांच्या तोंडी आहे, वखारींत काम केलेल्या बायका आहेत, आणि तंबाखूने कॅन्सर होतो हे ठाम विज्ञानही आहे. आरोग्याचं धोरण ठरताना त्या बायकांच्या फुप्फुसांत गेलेली धूळ कुणी मोजली का, हा एकाच वेळी वैद्यकाचा आणि राजकारणाचा प्रश्न आहे.

हुक्केरीची गोष्ट तर देशात दुर्मीळ. आजूबाजूला वीज हेस्कॉम ही सरकारी कंपनी देते, पण हुक्केरी तालुक्यात १९६९ पासून ग्रामीण वीज सहकारी संस्था आहे. तिथे ग्राहक हाच सभासद. डीपी जळला तर तक्रार कुणाकडे जाते, थकबाकीदाराची वीज तोडताना संचालकाला पुढची निवडणूक आठवते का, शेजारच्या चिकोडी तालुक्यापेक्षा काय वेगळं घडतं, यावर एक चांगला प्रबंध सहज उभा राहील. खांब तेच, तारा त्याच, मालकी निराळी. अशी तुलना प्रयोगशाळेत मांडता येत नाही, इथे ती आयती मिळते.

आणि शेतजमिनीचा उतारा. कर्नाटकाने या शतकाच्या सुरुवातीला 'भूमी' प्रकल्पात सगळे उतारे संगणकावर घेतले, हाताने लिहिलेला उतारा बंद झाला. जगभर त्याचं कौतुक झालं आणि त्यावर कडक टीकाही झाली. टीका अशी की गावातल्या तलाठ्याची मनमानी कमी झाली खरी, पण नोंद दुरुस्त करायला तालुक्याला खेटे वाढले आणि मोठ्या खरेदीदारांना जमीन शोधणं सोपं झालं. मराठी शेतकऱ्याच्या बाबतीत आणखी एक थर येतो: उतारा कन्नडमध्ये. नावाचं स्पेलिंग एकदा चुकलं की ते संगणकात बसतं. हा अभ्यास करायला मराठी घरातला माणूसच हवा.

कागद आणि माणसं

प्रश्न ठरला की पुरावा गोळा करायला लागा, प्रवेश मिळायची वाट बघू नका. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ चं आहे. तिथे बसायची सवय लावा. 'तरुण भारत' १९१९ पासून निघतो, जुने अंक बघायला मिळाले तर एखाद्या धरणाबद्दल किंवा कारखान्याबद्दल त्या काळी काय बोललं गेलं ते कळतं. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा बेळगावचा खंड १८८४ चा आहे आणि इंटरनेटवर फुकट वाचता येतो. १९५६ पर्यंत आपण मुंबई राज्यात होतो, म्हणून जुनी सरकारी कागदपत्रं शोधताना मुंबईकडेही बघावं लागतं. पाण्याच्या विषयाला धारवाडची वाल्मी ही संस्था उपयोगी, सामाजिक संशोधनाला धारवाडचंच सीएमडीआर.

माहिती अधिकाराचा अर्ज करताना कर्नाटकातला नियम लक्षात ठेवा. एका अर्जात एकच विषय, आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. लांबलचक अर्ज परत येतो. 'संपूर्ण माहिती द्यावी' असं न लिहिता तारीख, कागदाचं नाव आणि कार्यालय लिहा.

माणसांशी बोलताना घाई नको. काट्यावर काम करणारा, लाइनमन, आशा कार्यकर्ती, यांना बरंच माहीत असतं आणि बोलण्यात धोकाही त्यांनाच असतो. आधी सांगा की कशासाठी विचारताय, नाव छापणार नाही हे सांगा आणि ते पाळा. रेकॉर्डिंगला परवानगी घ्या. तुम्ही त्याच गावचे असाल तर ही जबाबदारी दुप्पट, कारण तुमच्या लिहिण्याचा त्रास ज्याला होईल तो तुमच्याच आळीत राहतो.

वाचन

एसटीएसचं बहुतेक वाङ्मय इंग्रजीत आहे आणि त्यातलं बरंच विनाकारण अवघड लिहिलेलं आहे. सिद्धांतापासून सुरुवात करू नका. एका यंत्राचा, एका साथीचा, एका धरणाचा अभ्यास असलेले लेख आधी वाचा. प्रत्येक लेख झाला की पाच-सहा ओळी मराठीत लिहून ठेवा: लेखकाने काय विचारलं, पुरावा कुठून आणला, आपल्या भागात हे लागू पडेल का. अमूल्य रेड्डींनी १९७४ मध्ये बेंगळुरूच्या आयआयएस्सी या विज्ञान संस्थेत 'अस्त्र' हा गट सुरू केला, खेड्यांसाठी तंत्रज्ञान कसं असावं यावर तिथे काम झालं. ती परंपरा आपल्याच राज्यातली आहे, तिच्याबद्दल जरूर वाचा.

कुठे शिकायचं

देशात या विषयाला थेट वाहिलेली केंद्रं मोजकीच. दिल्लीत जेएनयूमध्ये विज्ञान धोरणाचं केंद्र आहे, गुजरात केंद्रीय विद्यापीठात विज्ञान, तंत्रज्ञान आणि नवोन्मेष धोरणाचं केंद्र आहे. दोन्हीकडे संशोधनाला वाव आहे. बेंगळुरूत आयआयएस्सीच्या आवारात एनआयएएस ही प्रगत अध्ययन संस्था आहे, १९८८ मध्ये जे. आर. डी. टाटांनी स्थापलेली, तिथे शास्त्रज्ञ आणि समाजशास्त्रज्ञ एका छताखाली पीएचडीचं मार्गदर्शन करतात. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने रात्री बसलं की सकाळी बेंगळुरू, म्हणून आपल्याला हे सगळ्यात सोयीचं.

इंजिनिअरिंग झालेल्यांनी आयआयटी मुंबईतलं 'सितारा' बघावं. ग्रामीण भागासाठी तंत्रज्ञानाचे पर्याय शोधणारं हे केंद्र आहे, तिथे तंत्रज्ञान आणि विकास या विषयात एमटेक होतं आणि मुलांना प्रत्यक्ष खेड्यात राहून काम करावं लागतं. त्याच आयआयटीत सार्वजनिक धोरणाची पदव्युत्तर पदवीही आहे. अझीम प्रेमजी विद्यापीठ आणि टिस (टाटा समाजविज्ञान संस्था) यांच्या विकासविषयक एमएमधून पुढे एसटीएसकडे वळता येतं. अझीम प्रेमजीत घरच्या उत्पन्नाप्रमाणे फी माफ होते, हे गरीब घरच्या मुलांनी लक्षात ठेवावं.

परदेशात एडिनबरा (तिथलं विज्ञान अभ्यासाचं केंद्र १९६६ पासूनचं), लंडनचं यूसीएल, नेदरलँड्समधली मास्ट्रिख्ट आणि ट्वेंटे, व्हिएन्ना, म्युनिकचं तांत्रिक विद्यापीठ ही नावं शोधा. जर्मनीत सगळं फुकट असं ऐकून जाऊ नका. म्युनिकच्या त्या विद्यापीठाने २०२४-२५ पासून युरोपबाहेरच्या मुलांना फी लावली आहे.

दाखले आणि पैसे

इथे आपली मुलं सगळ्यात जास्त गोंधळतात. मराठा समाज कर्नाटकात मागासवर्गीयांच्या ३-बी प्रवर्गात येतो, पण केंद्राच्या ओबीसी यादीत नाही. जेएनयू किंवा आयआयटीच्या अर्जात ३-बीचा दाखला जोडून उपयोग नाही. उत्पन्न आठ लाखांच्या आत आणि शेती पाच एकरांहून कमी असेल तर केंद्राच्या नमुन्यातला ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) दाखला काढा. तो आर्थिक वर्षापुरता असतो, म्हणून १ एप्रिलनंतर लगेच नाडकचेरीत अर्ज टाका. इतर प्रवर्गांनीही केंद्राची यादी आणि केंद्राचा नमुना वेगळा तपासावा.

महाराष्ट्रात जाणाऱ्यांसाठी: वादग्रस्त ८६५ गावांतल्या, मराठी मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्यांना तिथल्या सीईटीच्या प्रवेशात वेगळी तरतूद आहे. रहिवासाचा आणि मातृभाषेचा, दोन्ही दाखले लागतात. ही सवलत महाराष्ट्राच्या प्रक्रियेपुरती आहे, केंद्रीय संस्थांत चालत नाही.

जेएनयूसारख्या केंद्रीय विद्यापीठात एमएला जायचं तर सीयूईटी-पीजी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, पीएचडीला नेट. नेटमध्ये एसटीएस नावाचा पेपर नाही. समाजशास्त्र, राज्यशास्त्र, इतिहास असा जवळचा विषय घ्यावा लागतो. नेटमधून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर महिन्याला ३७,००० रुपये आणि राहण्याचा भत्ता मिळतो. घरच्यांना 'हे शिकून काय मिळणार' याचं उत्तर द्यायला हा आकडा पुरेसा पडतो. नोकऱ्या अध्यापनात, धोरण संस्थांत, पाणी-आरोग्य-ऊर्जेवर काम करणाऱ्या संस्थांत आणि पत्रकारितेत आहेत. कॅम्पसमधून आयटी कंपनीत लागल्यासारखी सरळ वाट नाही, हे आईवडिलांना आधीच मोकळेपणाने सांगा.

संशोधनाचं टिपण

अर्जासोबत दोन-तीन पानांचं टिपण मागतात आणि बहुतेक वेळा निकाल त्यावरच लागतो. 'ग्रामीण समाजावर तंत्रज्ञानाचा परिणाम' हे शीर्षक वाचून कुणीही पुढे वाचत नाही. त्याऐवजी लिहा: 'हुक्केरी तालुक्यात वीज सहकारी संस्थेचे सभासद आणि चिकोडी तालुक्यात हेस्कॉमचे ग्राहक यांच्या तक्रारी कशा नोंदल्या आणि सोडवल्या जातात'. मग पहिल्या परिच्छेदात गोष्ट काय ती सांगा. दुसऱ्यात तुमचा प्रश्न, एकच. तिसऱ्यात आतापर्यंत कुणी काय म्हटलंय, चार-पाच लेखांच्या आधारे. मग कोणते कागद बघणार, कुणाशी बोलणार, कोणत्या भाषेत, आणि तुम्हाला तिथे दार का उघडेल. हा शेवटचा भाग आपली मुलं लाजून गाळतात. गाळू नका.

टिपण मराठीत लिहून काढा, विषय न कळणाऱ्या एखाद्याला वाचून दाखवा, तो जिथे अडखळेल तिथे दुरुस्त करा, मगच इंग्रजीत उतरवा. मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो: 'तुम्ही त्याच भागातले, मग तटस्थ कसे राहाल?' त्याची तयारी आधी करा. उसाचा वाद असेल तर कारखान्याच्या केमिस्टशीही बोलणार आहात, अलमट्टीचा असेल तर धरणाच्या वरच्या आणि खालच्या दोन्ही गावांत जाणार आहात, आणि कोणता पुरावा मिळाला तर तुमचं स्वतःचं मत बदलाल, हे नाव घेऊन सांगता आलं पाहिजे.